रान, बंदूक आणि बंदूक धरणारा हात

अमेरिकेत रानावनात पायी भटकायला जाणाऱ्यांमध्ये एक जुना वाद आहे. पाठीवर बिछाना, शिधा आणि पाणी घेऊन माणूस आठ-आठ दिवस जंगलात जातो. त्याने बरोबर बंदूक न्यावी की नेऊ नये? न्यावी म्हणणारे सांगतात, तिथे अस्वल आहे, डोंगरी सिंह आहे, वाटेत कोण भेटेल याचा नेम नाही, आणि पोलीस ठाणे दोन दिवसांच्या चालीवर. नेऊ नये म्हणणारे सांगतात, ओझे फार होते, भेदरलेल्या माणसाचा नेम चुकतो, आणि रानात जायचे ते काय गोळी घालायला? दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले जाते. पण ज्याच्या खांद्यावर ही बंदूक असणार तो माणूस कोण, हे सहसा कोणी विचारत नाही. तो गोरा आहे, त्याला कोणी हटकणार नाही, त्याच्या हातातली बंदूक पाहून समोरचा फार तर बाजूला होईल, हे सगळे न बोलता धरून चाललेले असते.

माझा आजा वेसकर होता. हातात घुंगरकाठी घेऊन तो रात्री-अपरात्री सरकारी कागद पोचवायला, साहेबाचे सामान वाहायला, रान तुडवत तालुक्याच्या गावी जायचा. वाटेत लांडगा असे, तरस असे, पावसाळ्यात ओढे फुगलेले असत. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना लागे आणि गोऱ्यांना त्यातून सूट असे, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याला एवढेच ठाऊक होते की गावात जी एक बंदूक आहे ती वाड्यातल्या भिंतीला टांगलेली आहे. रानाची राखण ज्याच्या गळ्यात त्याच्या हाती काठी. ज्याने रात्रीचे रान कधी पाहिले नाही त्याच्या भिंतीवर बंदूक. म्हणून अमेरिकेतला हा वाद वाचताना मला पहिल्यांदा तिथल्या अस्वलांची नव्हे, तिथल्या काळ्या माणसांची आठवण झाली. त्यांच्या इतिहासात हा प्रश्न फार निराळ्या रीतीने विचारला गेला आहे.

६ मार्च १८५७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट या गुलामाच्या दाव्याचा निकाल दिला. काळा माणूस, मग तो गुलाम असो की मुक्त, अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असे सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी ठरवले. का होऊ शकत नाही, याची जी कारणे त्यांनी दिली त्यांतले एक आपण नीट पाहण्यासारखे आहे. यांना नागरिक मानले तर यांना कुठल्याही राज्यात, मनाला येईल तेव्हा, परवान्यावाचून आणि अडवणुकीवाचून हिंडता-फिरता येईल. यांना सभा घेता येतील. आणि जातील तिथे हत्यार बाळगता येईल. सरन्यायाधीशांना हा अनर्थ वाटत होता. मोकळेपणाने भटकणे आणि बरोबर हत्यार ठेवणे या दोन गोष्टी त्यांनी एकाच दमात मोजल्या आणि दोन्ही नाकारल्या. आज सुटीच्या दिवशी डोंगरावर जाणारा जे दोन हक्क जन्मजात समजतो, ते काळ्यांना मिळाले तर राज्य बुडेल असे त्या देशाच्या सर्वोच्च न्यायासनाचे मत होते.

आणि तरीही ज्या वर्षांत हा निकाल झाला त्याच वर्षांत एक काळी बाई पिस्तूल घेऊन रानातून चालत होती. हॅरिएट टबमन मेरीलँडच्या पूर्व किनाऱ्यावर गुलामगिरीत जन्मली. तिचा बाप लाकूडतोडीच्या कामावर होता. लहानपणी तिला दलदलीत सापळे तपासायला पाठवत. रान तिला असे कामातून कळले. १८४९ साली ती पळाली आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत सुमारे १३ वेळा परत जाऊन तिने सुमारे ७० माणसांना सोडवून आणले. रात्री लांब असतात आणि माणसे घरात असतात म्हणून ती हिवाळा निवडी. दिवसा दलदलीत लपायचे, रात्री चालायचे. १८५० च्या फरारी गुलामांच्या कायद्यानंतर उत्तरेकडची मुक्त राज्येही सुरक्षित उरली नाहीत, तेव्हा ही वाट थेट कॅनडापर्यंत लांबली.

तिच्याजवळ पिस्तूल होते ते कोणासाठी? गुलाम पकडणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या कुत्र्यांसाठी, हे तर उघड आहे. पण त्या पिस्तुलाचा दुसराही उपयोग होता. वाटेत एखाद्याचे पाय गळाले, तो परत फिरू म्हणाला, तर ती त्याच्यावरच पिस्तूल रोखी. परत गेलेला माणूस चाबकाखाली सगळी वाट सांगून टाकील आणि मागच्या सगळ्यांचे मरण ओढवेल, हा तिचा हिशेब होता. एकालाही गोळी घालण्याची वेळ आली नाही. ज्यांना मुक्तीच्या लढ्यातली माणसे देवघरातल्या मूर्तीसारखी हवी असतात त्यांना ही गोष्ट आवडत नाही. मला ती महत्त्वाची वाटते. टबमनच्या रानात जनावराचे भय सर्वांत शेवटी होते.

यादवी युद्ध १८६५ साली संपले, गुलामगिरी कायद्याने गेली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मिसिसिपी राज्याने मुक्त झालेल्या काळ्यांसाठी नवे कायदे केले. सैन्यात नसलेल्या आणि स्थानिक मंडळाचा परवाना नसलेल्या कोणाही काळ्या माणसाने बंदूक, दारूगोळा किंवा मोठा सुरा बाळगू नये. युद्धात लढून घरी आलेल्या काळ्या शिपायांच्या हातातली बंदूक काढून घेणे हा त्यामागचा हेतू होता. अशा कायद्यांवर ओरड झाली, घटनेत १४ वी दुरुस्ती आली, आणि मग कायद्यातून 'काळा' हा शब्द गाळायची युक्ती निघाली. फ्लॉरिडाने १८९३ साली रायफलीला परवाना सक्तीचा केला. भाषा सर्वांना लागू होणारी. १९४१ साली तिथल्याच सर्वोच्च न्यायालयातल्या एका न्यायाधीशाने आपल्या निकालपत्रात साफ लिहून टाकले की हा कायदा काळ्या मजुरांना निःशस्त्र करण्यासाठी झाला होता, गोऱ्यांना तो लावण्याचा विचार कधीच नव्हता, आणि तो लावलाही गेला नाही. आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. शब्द सर्वांसाठी आणि अंमल एकासाठी, हा अनुभव आपण कोळून प्यालेलो आहोत.

आता या कथेतल्या सर्वांत उलट्या प्रसंगाकडे येतो. अमेरिकेची पहिली राष्ट्रीय उद्याने निर्माण झाली तेव्हा त्यांची देखभाल करणारे खाते नव्हते. ते १९१६ साली झाले. तोवर हे काम लष्कर करी. कॅलिफोर्नियातील योसेमिटी आणि सेक्वोया या उद्यानांत दर उन्हाळ्यात घोडदळाच्या तुकड्या सॅन फ्रान्सिस्कोहून येत. मेंढपाळांना बाहेर काढणे, चोरटी लाकूडतोड थांबवणे, वणवे विझवणे, शिकारी पकडणे ही त्यांची कामे. आणि आणखी एक काम : उद्यानात येणाऱ्याजवळ बंदूक असेल तर ती काढून घेणे. १८९९ साली २४ व्या पायदळाचे आणि १९०३ व १९०४ साली ९ व्या घोडदळाचे जे शिपाई या कामावर आले ते काळे होते.

हे दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहा. दक्षिणेत त्या वर्षांत काळ्यांना झाडाला टांगून मारले जात होते आणि जमाव त्याची छायाचित्रे काढून पोस्टकार्डे छापत होता. त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिएरा नेवाडा पर्वतात, खाकी वर्दीतला काळा शिपाई घोड्यावरून येतो आणि गोऱ्या प्रवाशाला म्हणतो, साहेब, बंदूक इकडे द्या. आणि प्रवाशाला ती द्यावी लागते. या शिपायांची आठवण पुढे इतकी पुसली गेली की योसेमिटीत काम करणाऱ्या शेल्टन जॉन्सन या काळ्या रेंजरला १८९९ सालचे त्यांचे एक छायाचित्र जुन्या संग्रहात सापडले तेव्हा त्यालाच आश्चर्य वाटले. आज रेंजर डोक्यावर जी चार खळग्यांची टोपी घालतात ती या लष्करी काळाचीच आठवण आहे, पण हे सांगायला कोणी उरले नव्हते.

१९०३ च्या उन्हाळ्यात सेक्वोया आणि त्याला लागून असलेल्या जनरल ग्रँट उद्यानाचा कारभार कॅप्टन चार्ल्स यंग यांच्याकडे आला. राष्ट्रीय उद्यानाचा कारभार पाहणारा हा पहिला काळा अधिकारी. १८६४ साली केंटकीत, आईबाप गुलाम असताना जन्मलेला. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयातून १८८९ साली बाहेर पडलेला तिसरा काळा पदवीधर. तिथल्या वर्षांत सहाध्यायी त्याच्याशी बोलत नसत, हे सांगायला नको. आपल्या महाकाय वृक्षांपर्यंत गाडी जाईल असा रस्ता अनेक उन्हाळे रखडत चालला होता. यंगच्या माणसांनी तो ऑगस्ट १९०३ मध्ये पुरा केला. मागच्या सगळ्या उन्हाळ्यांत मिळून झाले त्याहून अधिक काम त्यांनी एका उन्हाळ्यात केले. स्थानिक लोकांना एका झाडाला यंगचे नाव द्यायचे होते. त्याने नको म्हटले आणि बुकर टी. वॉशिंग्टन यांचे नाव सुचवले.

पण यंगची गोष्ट इथे थांबत नाही. १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा तो लेफ्टनंट कर्नल होता. बढती मिळाली असती तर गोरे अधिकारी त्याच्या हाताखाली आले असते. तशा तक्रारी झाल्याच होत्या. वैद्यकीय तपासणीत रक्तदाब निघाला आणि त्याला निवृत्त करण्यात आले. आपण धडधाकट आहोत हे दाखवण्यासाठी जून १९१८ मध्ये तो ओहायोतील विल्बरफोर्सहून वॉशिंग्टनपर्यंत घोड्यावरून गेला. सुमारे ५०० मैल, आणि दर तासातली १५ मिनिटे घोड्यावरून उतरून पायी. त्याला पुन्हा घेतले ते युद्ध संपायला पाच-सहा दिवस उरले असताना. १९२२ साली तो नायजेरियात लेगॉस इथे वारला. ब्रिगेडियर जनरलची पदवी त्याला मिळाली ती २०२२ साली, म्हणजे मेल्यानंतर १०० वर्षांनी.

हे वाचताना महार पलटणींची आठवण येणे अटळ आहे. १८९२-९३ च्या सुमाराला महारांची लष्करातली भरती थांबली. 'लढाऊ जमाती' नावाचे नवे शास्त्र निघाले आणि ज्यांच्या बापजाद्यांनी सुभेदारकी केली त्यांच्या हातून बंदूक गेली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, गरज संपताच १९२१ मध्ये मोडली. १९४१ मध्ये पुन्हा उभी केली. राज्याची गरज असेल तोवर हातात बंदूक आणि गरज संपली की झाडू.

एक गोष्ट इथे लपवता येणार नाही. ९ वे आणि १० वे घोडदळ १८६६ साली उभे राहिले ते मुख्यतः पश्चिमेकडच्या मूळनिवासी जमातींना काबूत ठेवण्यासाठी. काळ्या शिपायांनी ते काम केले. ज्या योसेमिटीच्या दरीत ते पुढे पहारा करत होते तिथे अहवाहनीची लोक राहत; १८५१ साली गोऱ्यांच्या सशस्त्र तुकडीने त्यांची घरे आणि धान्य जाळून त्यांना बाहेर काढले. पुढे त्याच दरीला निर्मळ, अस्पर्श निसर्ग म्हणून गौरवले गेले. १९६४ च्या रानांविषयीच्या कायद्यात तर रानाची व्याख्याच अशी आहे की जिथे माणूस पाहुणा असतो, मुक्कामाला राहत नाही. आधी बंदुकीने माणसे काढली आणि मग माणसे नाहीत म्हणून त्या जागेला रान म्हटले. पिळलेल्यांच्या हातात बंदूक आली की ती आपोआप न्यायाच्या बाजूने रोखली जाते असे नाही, हा धडा काळ्यांनाही आहे आणि कंपनी सरकारच्या पलटणीत लढलेल्यांच्या नातवंडांनाही.

लष्कर गेले, नागरी खाते आले, आणि उद्यानांत काळा माणूस पहारेकऱ्याऐवजी पाहुणा म्हणून उभा राहिला. व्हर्जिनियातील शेनँडोआ उद्यानात त्याच्यासाठी वेगळी जागा करून दिली : १९३९ साली लुईस माउंटन इथे 'निग्रोंसाठी' अशी पाटी लावून तळ आणि खानावळ उघडली. एकाच डोंगराची हवा, पण बसायचे वेगळे. आपल्याकडे पाणवठे वेगळे होते. तिथे वनभोजनाची बाकडी. उद्यानापर्यंत पोचायचे कसे हाही प्रश्न होताच. कुठल्या गावात मुक्काम करता येईल, कुठे पेट्रोल मिळेल, याची माहिती देणारे 'ग्रीन बुक' १९३६ पासून निघत असे आणि काळी कुटुंबे ते गाडीत ठेवून निघत. काही जण आसनाखाली पिस्तूलही ठेवत. काळोख पडायच्या आत जिथून निघून जावे लागे अशी गावे वाटेत असत.

काळा माणूस रानात कमी का दिसतो, असा प्रश्न आज तिथले अभ्यासक विचारतात. उत्तर त्याच्या आजीकडे आहे. दोरी रानात होती, कुत्री रानात होती.

आता १९६६ साल. मिसिसिपी विद्यापीठात १९६२ साली शिरलेला पहिला काळा विद्यार्थी जेम्स मेरेडिथ याने ठरवले की मेम्फिसहून जॅक्सनपर्यंत २२० मैल पायी जायचे. कशासाठी, तर काळ्या माणसाच्या मनात बसलेली भीती घालवायला, आणि त्याला मतदार म्हणून नाव नोंदवायला धीर द्यायला. बंदूक न्यायची का, हा प्रश्न त्याच्यासमोर होता. तो स्वतः हवाई दलात नऊ वर्षे काढलेला माणूस. बंदूक त्याला परकी नव्हती. त्याने ती घरी ठेवली. हातात आफ्रिकेतून भेट आलेली काठी आणि बरोबर बायबल घेऊन ५ जूनला तो निघाला. दुसऱ्या दिवशी हर्नांडो गावाच्या पुढे, रस्त्याच्या कडेच्या झाडोऱ्यातून एक गोरा माणूस बाहेर आला आणि त्याने छऱ्यांच्या बंदुकीचे बार काढले. पोलीस तिथेच होते. मेरेडिथ रस्त्यावर कोसळला, वाचला. इस्पितळात त्याने वार्ताहरांना सांगितले की बंदूक न नेल्याची आपल्याला लाज वाटते.

त्याची वाट पुढे चालवायला सगळ्या संघटनांचे पुढारी मेम्फिसला जमले आणि तिथे रात्रभर हाच वाद झाला. मोर्चाबरोबर हत्यारी पहारा असावा की नाही? लुइझियानात १९६४ साली 'डीकन्स फॉर डिफेन्स अँड जस्टिस' ही संघटना निघाली होती. तिच्यात गिरणीत आणि रस्त्यावर मजुरी करणारे, दुसऱ्या महायुद्धातून व कोरियातून परतलेले काळे लोक होते. कार्यकर्त्यांच्या घरांवर रात्रीचा पहारा करणे हे त्यांचे काम. स्टोकली कारमायकेल यांना ते हवे होते. मार्टिन ल्यूथर किंग यांना तत्त्व म्हणून नको होते. अखेर डीकन्स आले. मोर्चा रस्त्याने चाले आणि डीकन्स कडेचा झाडोरा, टेकाडे, ओढ्यांचे काठ तपासत पुढे जात.

किंग यांच्या बाजूने लिहिताना एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. ३० जानेवारी १९५६ रोजी माँटगोमेरीत त्यांच्या घरावर बाँब पडला तेव्हा त्यांनी स्वतः पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. अलाबामाच्या अधिकाऱ्यांनी तो नामंजूर केला. त्यांची अहिंसा पुढे श्रद्धा झाली यात मला शंका नाही; पण हत्यार ठेवायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क आधी त्यांना नाकारला गेला होता, हेही खरे आहे. सवर्ण मित्र आपल्याला अहिंसेचा उपदेश करतात तेव्हा मला हा नामंजूर अर्ज आठवतो.

तो मोर्चा २६ जूनला जॅक्सनला पोचला. मेरेडिथ बरा होऊन शेवटी त्यात चालला. वाटेत हजारो काळ्यांनी मतदार म्हणून नावे नोंदवली, आणि ग्रीनवुड गावात १६ जूनच्या रात्री कारमायकेल यांनी 'ब्लॅक पॉवर' ही घोषणा दिली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष निघाला. कॅलिफोर्नियात तेव्हा भरलेली बंदूक उघडपणे घेऊन हिंडणे कायदेशीर होते. पँथर्सनी कायद्याचे पुस्तक आणि बंदूक दोन्ही हातात घेऊन पोलिसांवर पाळत ठेवायला सुरुवात केली. २ मे १९६७ रोजी ते सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरले आणि त्याच वर्षीच्या जुलैत गव्हर्नर रीगन यांनी मलफर्ड कायद्यावर सही करून भरलेली बंदूक घेऊन हिंडणे बंद केले. गोऱ्या शिकाऱ्याने शंभर वर्षे खांद्यावर वागवलेली बंदूक, काळ्या खांद्यावर दिसताच काही महिन्यांत बेकायदा झाली. मुंबईत १९७२ साली आपल्या तरुणांनी पँथर हे नाव उचलले तेव्हा त्यांनी बंदूक उचलली नाही. त्यांच्याजवळ कविता होती, मोर्चा होता, आणि गावोगाव जाऊन अत्याचाराची जागा डोळ्यांनी पाहण्याची जिद्द होती.

राष्ट्रीय उद्यानांतला नियम मात्र लष्कराच्या काळापासून साधारण तोच राहिला होता. १९८३ च्या नियमांनुसारही बंदूक आणायची तर रिकामी करून, बांधून ठेवावी लागे. २००९ साली हे बदलले, आणि बदलले तेही कसे! बँकांच्या क्रेडिट कार्डांविषयीच्या कायद्याला एक पुरवणी जोडली गेली की ज्या राज्यात बंदूक बाळगणे कायदेशीर आहे तिथल्या राष्ट्रीय उद्यानातही ती बाळगता येईल. २२ मे २००९ रोजी सही झाली. सही करणारे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा, त्या देशाचे पहिले काळे राष्ट्राध्यक्ष. २२ फेब्रुवारी २०१० पासून भरलेली बंदूक घेऊन रानवाटेने चालणे उद्यानातही सुरू झाले. चार्ल्स यंगच्या शिपायांनी जी बंदूक दारात काढून घेतली ती अशी परत आत आली.

अस्वलाचा मुद्दा राहिला. त्याचे उत्तर पुष्कळसे मिळालेले आहे. अलास्कातल्या घटना गोळा करून संशोधकांनी २००८ साली दाखवले की मिरचीच्या अर्काचा फवारा तपकिरी आणि काळ्या अस्वलांना दहापैकी नऊ वेळा थोपवतो, आणि फवारा जवळ असलेल्यांपैकी १०० तील ९८ जणांना इजाही होत नाही. २०१२ साली त्यांनीच बंदुकीच्या २६९ घटना तपासल्या. बंदूक चालवणारे आणि न चालवणारे यांच्या जखमांच्या प्रमाणात फरक दिसला नाही. अस्वल अंगावर येते तेव्हा नेम धरायला वेळच नसतो. तेव्हा अस्वलासाठी बंदूक न्यावी असे मी कोणाला सांगणार नाही. उरतो तो माणूस.

आणि माणसाच्या बाबतीत, काळ्या हातातली बंदूक राखण करते की मरण ओढवते? जुलै २०१६ मध्ये मिनेसोटात एका काळ्या माणसाची मोटार पोलिसाने अडवली. तो एका शाळेच्या भोजनगृहाचा प्रमुख होता. पिस्तुलाचा रीतसर परवाना त्याच्याजवळ होता, आणि आपल्याजवळ पिस्तूल आहे हे त्याने स्वतः होऊन नम्रपणे सांगितले. काही क्षणांत त्याला गोळ्या घालण्यात आल्या. पोलीस पुढच्या वर्षी निर्दोष सुटला. फेब्रुवारी २०२० मध्ये जॉर्जियात २५ वर्षांचा एक काळा तरुण धावायला निघाला होता. त्याच्याजवळ काहीच नव्हते. गोऱ्या बापलेकांनी गाडीने पाठलाग करून त्याला मारले. एक हत्यारासह मेला, एक हत्याराशिवाय. काळे भटके लोक आज रानात जातात, त्यांच्या संघटना आहेत, वाटा आहेत. आणि त्यांतला जो बंदूक घेतो आणि जो घेत नाही, त्या दोघांनाही ती पाहणाऱ्याच्या नजरेचा विचार आधी करावा लागतो.

मला स्वतःला विचाराल, तर मी यंगच्या दाराच्या बाजूचा आहे. दारात सर्वांच्या बंदुका ठेवून घ्या, आणि ठेवून घेणारा शिपाई कोणाचेही तोंड पाहून नियम वाकवणारा नसू द्या. दुबळ्याला यापेक्षा मोठे संरक्षण आजवर मिळालेले नाही. पण जिथे असा शिपाई नाही, किंवा शिपाई हर्नांडोच्या रस्त्यावरच्या पोलिसांसारखा बघत उभा आहे, तिथे झाडोरा तपासत पुढे जाणाऱ्या डीकन्सना नावे ठेवण्याचे धाडस मला होत नाही.

आपल्याकडे हा पेच कायद्याने ओळखलेला आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधाच्या १९९५ च्या नियमांतला तिसरा नियम काढून पाहा. अत्याचाराची शक्यता असलेल्या भागात सरकारने काय करावे, ते तिथे क्रमाने दिले आहे. आधी, गरज पडल्यास इतरांचे हत्यारांचे परवाने रद्द करून ती हत्यारे सरकारी कोठारात जमा करून घ्यावीत. मग बेकायदा बंदुका जप्त कराव्यात. आणि त्यानंतर, आवश्यक वाटल्यास, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जीविताच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी हत्यारांचे परवाने द्यावेत. आधी यंग, मग डीकन्स. अमेरिकेच्या उद्यानांनी २०१० साली पहिली पायरी काढून टाकली आणि दुसरी सगळ्यांना सारखीच वाटली.

एक जागा मात्र त्यांनी सोडली. उद्यानातली सरकारी कचेरी, माहिती केंद्र, जिथे कर्मचारी बसतात त्या इमारती यांच्या दारावर आजही पाटी असते की आत बंदूक आणू नये. भटक्याने ती बाहेर ठेवून आत जावे, नकाशा घ्यावा, बाहेर येऊन बंदूक उचलावी आणि रानाची वाट धरावी.